पाचव्या खेपेची टोपली

धुण्याच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये. भांडं असो, फरशी असो की दोनशे लिटर बायोडिझेल, माझ्या हातून गेलेली वस्तू स्वच्छच असणार. हे मी पूर्वी फुशारकीनं सांगायचे. आता सांगताना जीभ अडखळते, पण सुरुवात इथूनच करावी लागेल, कारण सगळा घोळ त्या धुण्यातच आहे.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. मी आणि माझ्या धाकट्या भावानं मिळून उभी केलेली. खानावळींमधून तळून तळून काळं झालेलं तेल आणायचं, गाळायचं, हंड्यात तापवायचं. हंडा म्हणजे रिअ‍ॅक्टर, पण धाकट्यानं पहिल्या दिवशी त्याला हंडा म्हटलं आणि तेच नाव पडलं. त्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून तासभर घुसळायचं. मग ठेवून दिलं की खाली जाड तपकिरी ग्लिसरीन बसतं आणि वर इंधन राहतं. पण त्या इंधनात कॉस्टिक असतो, साबण झालेला असतो. तसंच गाडीत ओतलं तर इंजिनाची वाट लागते. म्हणून ते कोमट पाण्यानं धुवायचं. एकदा नाही, तीनदा.

हे धुणं माझ्याकडे. लग्नाबिग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, माझा संसार म्हणजे त्या तीन टाक्या. तिसऱ्या पाण्यानंतर काचेच्या बाटलीत इंधन घ्यायचं आणि बाटलीमागे वर्तमानपत्र धरायचं. बारीकातलं बारीक अक्षर वाचता आलं तरच माल बाहेर. बसडेपोचे इंजिनियर, ज्यांना आम्ही पाठीमागे डेपोसाहेब म्हणायचो, ते एकदा म्हणाले होते, ‘तुमच्याइतकं स्वच्छ इंधन मला कुणी दिलं नाही.’ ते वाक्य मी किती वर्षं पुरवून पुरवून खाल्लं, माझं मला ठाऊक.

धुतल्यावर उरायचं ते पाणी. एक लिटर इंधनामागे दोन लिटर. पांढरं, फेसाळ, हाताला बुळबुळीत. ते जायचं मागच्या ओढ्यात. आधी काठचं गवत पिवळं पडलं. मग एका वर्षी बेडूक ओरडायचे थांबले. मी म्हटलं, बरं झालं, डोक्याची कटकट गेली. तेव्हाची मी ही अशी.

आणि मग भावजय आली.

धाकट्यानं लग्न करून आणली ती रसायनशास्त्रात मोठी शिकलेली, बोलायला हळू आणि ऐकायला त्याहून हळू. म्हणजे तुमचं बोलणं संपलं तरी ती आणखी थोडा वेळ ऐकतच असायची. पहिल्या आठवड्यात ती शेडच्या मागे गेली, ओढ्यातलं पाणी बाटलीत भरून आणलं आणि माझ्याच टेबलावर ठेवलं.

‘ताई, धुवायला लागूच नये असं काही करता आलं तर?’

‘मग मी काय करू? टाळ्या वाजवू?’

ती हसली. मी हसले नव्हते.

तिचं म्हणणं सरळ होतं. कॉस्टिक तेलात विरघळतो म्हणून तो काढायला धुणं आलं. त्याऐवजी न विरघळणारी वस्तू घ्यायची. अंड्याची टरफलं. बेकरीत रोज पोतंभर फेकून देतात. ती सुकवून, दळून, भट्टीत नऊशे अंशावर तीन तास भाजली की पांढरीशुभ्र चुनकळी, म्हणजे कळीचा चुना, होते. तिच्या वड्या पाडून जाळीच्या टोपलीत भरायच्या आणि टोपली हंड्यात सोडायची. काम झालं की टोपली उचलून बाहेर. इंधनात राहिलं साहिलं काही तर कोरड्या गाळणीतून काढायचं. पाण्याचा थेंब नको. आणि तीच टोपली पुन्हा पुन्हा वापरायची.

मी तिचं नाव टरफलबाई ठेवलं. तोंडावरच म्हणायचे. ‘टरफलबाई, आज ऑम्लेट की इंधन?’ ती त्यालाही हसायची. तिला राग येत नाही याचा मला राग यायचा.

तेवढ्यात पाण्याच्या ऑफिसातून नोटीस आली. आठ महिन्यांत ओढ्यात पाणी सोडणं बंद करा, नाही तर कारखाना बंद करू. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं बायकोला म्हटलं, ‘बघ तुझं काय ते.’ मला काही विचारलं नाही.

सहा महिने ती खपली. शेडच्या कोपऱ्यात पार्टिशन टाकून केलेली तिची प्रयोगशाळा, तिथं भट्टी, ओळीनं काचेची चंबूपात्रं, आणि सगळीकडे टरफलांचा तो मळका वास. वड्या ठिसूळ व्हायच्या, परत पाडायच्या. शेवटी जमलं. पहिल्यांदा टोपली हंड्यात गेली आणि इंधन आलं ते असं की मी बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं आणि वाचता आलं. न धुता. मी पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, ‘चष्म्याचा नंबर बरोबर आहे म्हणायचा.’ याच्या पलीकडे माझ्या तोंडून कौतुक निघालं नाही. आता वाटतं, चार शब्द बोलले असते तर माझ्या बापाचं काय जात होतं?

त्या वड्यांचं पथ्य मात्र कडक. प्रत्येक खेपेनंतर टोपली फक्त मिथेनॉलनं खंगाळायची आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. हवेतला दमटपणासुद्धा त्यांना बाधतो. डब्याच्या झाकणावर तिनं ठळक अक्षरात लिहिलं होतं: पाणी लावू नये.

चार खेपा निर्विघ्न झाल्या. पाचवी खेप डेपोसाहेबांसमोर करायची ठरली. एकच टोपली पाचव्यांदा चालते हे त्यांनी डोळ्यांनी बघायचं, मग डेपो वर्षभराचा करार करणार, आणि तो करार दाखवून पाण्याच्या ऑफिसकडून सगळा कारखाना या रीतीवर आणायला मुदत मिळणार. सगळं त्या एका टोपलीवर होतं. हे तिला माहीत होतं, धाकट्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही.

त्या दिवशी सकाळी आठलाच आम्ही शेडवर. पाहुणे अकराला येणार. धाकटा त्यांना आणायला गेला. भावजय फाटकापाशी खुर्च्या मांडत होती. तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, ‘ताई, एवढी टोपली तुम्ही हंड्यात सोडाल? डब्याचं झाकण काढलं की लगेच सोडायची. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला नको वाटतं.’

सहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला त्या टोपलीला हात लावायला सांगितलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मी आत गेले, डब्याचं झाकण काढलं आणि माझं तोंड वाकडं झालं. काय ती टोपली! मिथेनॉलनं खंगाळूनही जाळीवर ग्लिसरीनचा तपकिरी चिकटा, कडेला तेलाचे ओघळ, आणि शिळ्या तळणीचा वास. हंड्याच्या वरच्या काचेतून पाहुणे आत डोकावणार, आणि त्यांना दिसणार काय, तर हे ध्यान. आमच्या कारखान्यात. माझ्या कारखान्यात. ज्यांनी मला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र दिलं त्यांच्यासमोर.

झाकणावरची अक्षरं मी वाचली. वाचून झाकण उलटं ठेवलं. वड्या दगडासारख्या दिसत होत्या. मनात म्हटलं, नऊशे अंशावर भाजलेल्या दगडाला दोन तांबे पाण्यानं काय होतंय. ही आजकालची पोरं फार बाऊ करतात. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, आणखी एक होतं. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. मनात आलं की हिच्या या मोठ्या दिवसात माझा हात कुठंच नाही. एवढं धुणं तरी माझं असू दे.

मी टोपली मोरीत नेली आणि कोमट पाण्यानं धुतली. एकदा नाही, तीनदा.

पहिल्या पाण्याला चिकटा निघाला. दुसऱ्याला जाळी चकाकली. तिसऱ्याला टोपली माझ्या हातात गरम लागायला लागली. पाण्यापेक्षा गरम. बारीक चुरचुर आवाज येत होता.

चुनकळीवर पाणी पडलं की ती तापते आणि फुटते. घराला चुना लावताना लहानपणी पिंपाभोवती नाचत बघितलेली गोष्ट. कळायला काही कॉलेज नको. मी टोपली खाली ठेवली, फुंकर घातली, फडक्यानं पुसली, गरम हवेच्या यंत्रासमोर धरली. फुंकर कुणाला घालत होते देव जाणे. घड्याळात साडेनऊ झाले होते.

दीड तास होता. फाटकापर्यंत चाळीस पावलं. ‘अगं, माझ्याकडून असं झालं,’ एवढं म्हणायचं होतं. तिनं पाहुण्यांना फोन करून पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं असतं, दुसऱ्या वड्या होत्या, आणखी चार खेपा करून पुन्हा पाचवी दाखवली असती. फार तर मला बोलली असती. तेवढंही नसती बोलली, तिला राग येतच नव्हता. तरी मी गेले नाही. चालून जाईल, असं स्वतःला सांगितलं, टोपली हंड्यात सोडली आणि झाकण आवळलं.

‘सोडली?’ तिनं आत येऊन विचारलं.

‘सोडली की.’

अकरा वाजता डेपोसाहेब आले. दोन वाजता हंडा थांबवला. नमुना काढला तेव्हा काचेच्या नळीत दोन थर दिसायला हवे होते. दिसलं ते एकसंध, घट्ट, दह्यासारखं पांढरं. भावजय नळी उजेडाकडे धरून उभी राहिली. म्हणाली, ‘थोडं थांबू या.’ चार वाजेपर्यंत थांबलो. टोपली वर काढली तर जाळीत वड्या नव्हत्याच, नुसता लगदा. वरून साबणाचा थर. धुतलेलं न धुतलेलं काही ओळखता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

डेपोसाहेब भला माणूस. ‘प्रयोग आहे, होतं असं,’ म्हणाले आणि गाडीत बसले. धाकटा भला नव्हता. तो सगळ्या कामगारांसमोर बोलला, ‘सहा महिने अंडी भाजलीस. त्यापेक्षा ताईचं ऐकलं असतं तर बरं.’ मी तिथंच उभी होते. ती म्हणाली, ‘माझंच काहीतरी चुकलं,’ आणि तो लगदा खरवडायला बसली.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. डेपोनं दुसरीकडून इंधन घ्यायला सुरुवात केली. धाकट्यानं तिला हंडा वापरायला साफ नाही म्हटलं, पुन्हा हसं नको म्हणून. पाण्याच्या ऑफिसला दाखवायला मागे एक सिमेंटचा हौद बांधला, त्यात धुण्याचं पाणी साठवायचं आणि वरचं हळूच ओढ्यात सोडायचं. तशी अकरा वर्षं रेटली. ती मात्र चार महिने पार्टिशनमागे लिटरभराच्या चंबूत तेच तेच करत राहिली. मी रोज दुपारी तिचा जेवणाचा डबा नेऊन द्यायचे. ‘खाऊन घे,’ म्हणायचे. टरफलबाई म्हणणं बंद केलं होतं. धाकट्याला आश्चर्य वाटायचं की ताई एवढी मऊ कशी झाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एक दिवस तिनं भट्टी बंद केली आणि डेअरीत नोकरी धरली. दुधातलं फॅट मोजायची नोकरी. अजून तीच करते.

या वर्षी कारखाना कायमचा बंद झाला. दंड भरून भरून धाकटा दमला, ऑफिसनं सील ठोकलं, शेड विकायला काढली. सामान आवरायला मी गेले. पार्टिशनमागच्या कपाटात तिची वही सापडली. मी काही चोरून वाचणारी बाई नाही, पण वही उघडली आणि उभ्या उभ्या वाचली.

त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिलं होतं: ‘पाचवी खेप. वड्या फुटल्या, साबण झाला. कारण:’ आणि पुढं जागा कोरी. खालच्या पानांवर चार महिन्यांचे प्रयोग. तेलात आम्ल जास्त होतं का? खोडलेलं. मिथेनॉल जुनं होतं का? खोडलेलं. भट्टी कमी तापली का? खोडलेलं. तेवीस कारणं, तेवीस रेघा. प्रत्येक वेळी वड्या सात-सात, आठ-आठ खेपा नीट चालल्या होत्या. शेवटच्या पानावर एकच वाक्य: ‘लहान चंबूत जमते, मोठ्या हंड्यात माझ्याने होत नाही.’

मी खाली बसले. तेवीस वेळा तिनं स्वतःची झडती घेतली होती, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

रविवारी दुपारी वही पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेले. धाकटा गिऱ्हाईकाला शेड दाखवायला गेला होता. तिनं चहा केला. आम्ही स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसलो. तिच्या कानामागचे केस पिकलेले मला त्या दिवशी दिसले. मी वही काढून ठेवली. तिनं ती उघडली नाही, नुसता हात ठेवला.

‘जपून ठेवलीत होय तुम्ही?’

‘कपाटात होती.’

‘टाकून दिली असती तरी चाललं असतं.’ मग म्हणाली, ‘एक सांगू, ताई? त्या दिवशी हे बोलले, कामगार हसले, माझ्या माहेरच्यांनीसुद्धा ऐकवलं. तुम्ही तेवढ्या एक शब्द बोलला नाहीत. वर रोज डबा आणून दिलात. तुमचा स्वभाव मला माहीत होता, तुम्हाला किती बोलावंसं वाटलं असेल. ते मी विसरले नाही.’

मला वाटलं, आता काहीही झालं तरी सांगू नये. अकरा वर्षं झाली, ती माझ्याबद्दल चांगलं बोलते आहे, झाकली मूठ राहू दे. आणि त्याच क्षणी कळलं की त्या सकाळी फाटकापर्यंतची चाळीस पावलं मी स्वतःला हेच सांगून चालले नव्हते.

‘मी धुतली होती,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘टोपली. पाहुणे येणार म्हणून. घाण दिसत होती.’

तिला कळायला वेळ लागला. मी आधीच सांगितलं, तुमचं बोलणं संपलं तरी ती ऐकत राहते. मग तिनं विचारलं, अगदी डेअरीत नमुना घेताना विचारावं तसं, ‘पाणी गार होतं की कोमट?’

‘कोमट.’

‘किती वेळा?’

‘तीनदा.’

‘गरम लागली हाताला?’

‘लागली.’

‘म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.’

‘हो.’

मला वाटलं ती ओरडेल. ओरडावं असं मनापासून वाटत होतं. तिनं वही उघडली, बरोबर ते पान काढलं. इतक्या वर्षांनीही पान शोधावं लागलं नाही. फ्रीजवरचं पेन घेतलं आणि ‘कारण:’ च्या पुढं लिहिलं, ‘पाण्याने धुतली.’ कोणी, ते लिहिलं नाही. मग शेवटचं पान काढून ‘माझ्याने होत नाही’ या शब्दांकडे बघत बसली. ते तिनं खोडलं नाही. पेनाचं टोपण लावलं.

‘चार महिने मला वाटायचं मी वेडी झालेय,’ ती म्हणाली. ‘आठ-आठ खेपा चालायचं आणि तरी माझा विश्वास बसायचा नाही. नंतर कशावरच बसेना. दुधाचा नमुनासुद्धा मी तीनदा तपासते. तिथं हसतात मला.’

मी म्हटलं, ‘माझं चुकलं गं.’ एवढा वेळ जपून आणलेलं वाक्य, आणि तोंडातून निघालं तेव्हा चहा सांडल्यावर म्हणतात तसं वाटलं.

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

काय करावं सुचेना तेव्हा मी नेहमी जे करते ते केलं. उठले, दोन्ही कप उचलले आणि सिंककडे वळले. नळ सोडला.

ती मागून आली. माझ्या हातातून कप काढून घेतले, हळूच, आणि नळ बंद केला.

‘राहू द्या, ताई,’ ती म्हणाली. ‘तुम्ही नका धुऊ.’